बोर्ड नंतर, आधी बूट

(हिवाळ्यात गुलमर्गच्या उतारांवर स्नोबोर्डिंग, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरत उतरणं, शिकवणाऱ्या आणि एरवी साताऱ्यात ट्रेकिंगची शिबिरं घेणाऱ्या आमच्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, बी.एस्सी. झालोय. गेले दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग शिकलो, उडीत पूर्ण गिरकीही घेता येते. आता इन्स्ट्रक्टर व्हायचंय. वडील म्हणतात, आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर, तू शिकवणार कोणाला? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोरेगाव

अरे, वडिलांचं बोलणं झोंबलं असेल, पण प्रश्न रास्त आहे. गुलमर्गचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. बाकीचे आठ-नऊ महिने काय करणार, याचं उत्तर आधी घरी दे. मी शिबिरं घेते. तिथले माझ्या ओळखीचे बरेच शिक्षक उन्हाळ्यात पर्यटकांना डोंगरात फिरवतात. नुसत्या बर्फावर घर चालवणारे फार थोडे.

आता शिकवण्याचं. तुझ्या गिरकीचं समोरच्याला काही पडलेलं नसतं. समोर असतात आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलेले आई-बाबा, रडवेला मुलगा आणि मोबाइल काढून उभा असलेला मामा. त्यांना एक पाय मोकळा ठेवून बोर्ड सरकवायला शिकवायचं. मग टाचेकडच्या कडेवर उभं राहून सरळ खाली घसरायला, मग त्याच कडेवर डावीकडे-उजवीकडे झुलत उतरायला. वळणं जोडणं, म्हणजे न थांबता एकामागून एक वळणं घेणं, त्यानंतर. घाबरलेल्याचे दोन्ही हात धरून तू त्याच्यासमोर उभा राहतोस, तेव्हा त्याचा भार टाचेवर असतो आणि तुझा पंजावर. तो धाडकन बसला तरी तू हलता कामा नये. डावा पाय पुढे आणि उजवा पाय पुढे, दोन्ही बाजूंनी तुला उतरता यायला हवं, कारण शिकायला येणारे दोन्ही प्रकारचे असतात. आणि हे सगळं गोगलगायीच्या चालीने, तोंडाने समजावत. वेगात चुका झाकल्या जातात, सावकाश उतरताना उघड्या पडतात.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था. त्यांचा भर स्कीइंगवर असतो, तेव्हा त्या हंगामात स्नोबोर्डची तुकडी आहे का, हे फोनवर विचारून मगच तिकीट काढ. परदेशात चालणारं प्रमाणपत्र हवं असेल तर कॅनडाची कासी, ब्रिटनची बासी, अमेरिकेची आसी, ऑस्ट्रेलियाची एपीएसआय अशा शिक्षकांच्या संघटना आहेत. कासीची पहिली पातळी बर्फावरच्या तीन दिवसांत होते आणि नवशिक्यांना शिकवण्यापुरती असते. तीन दिवस ऐकून हुरळू नकोस. वळणं न अडखळता जोडता येतात, हे धरूनच ते सुरुवात करतात.

एजंटांपासून जप. 'कॅनडात हंगामी काम लावून देतो' म्हणणारा भेटेलच. तिथल्या तरुणांसाठीच्या वर्किंग हॉलिडे (फिरता फिरता काम करू देणाऱ्या) योजनेच्या यादीत भारत नाही, हे त्याच्या तोंडावर सांग. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ पासून वर्क अँड हॉलिडे व्हिसा आपल्यालाही खुला केला आहे: वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, आणि नाव सोडतीत निघावं लागतं. तुझी पदवी तिथे उपयोगी पडेल. पेरिशर, थ्रेडबो, फॉल्स क्रीक इथला बर्फाचा हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे आपला पावसाळा. वडिलांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

तोवर यवतेश्वरचा घाट चढ-उतर कर, मांड्या तयार होतील. आणि संध्याकाळी शाहू स्टेडियमवर लहान पोरांना काहीही शिकव, अगदी दोरीवरच्या उड्यासुद्धा. चौथ्यांदा तेच सांगताना तुझा आवाज चढतो का, ते बघ. चढत असेल तर हा धंदा तुझा नव्हे.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी फेब्रुवारीत मनालीला स्नोबोर्डिंग शिकायला जाणार आहे. उंची ५ फूट २ इंच, वजन ५० किलो. ऑनलाइन एक जुना संच स्वस्तात मिळतोय: १५८ सेंटिमीटरचा बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधणारे पट्टे) आणि बूट. हे म्हणतात, भाड्याने घे. काय करावं? – एक आई, सांगली

ताई, यावेळी तुमच्या ह्यांचं ऐका. तुमची लेक साधारण १५७ सेंटिमीटर उंच, म्हणजे बोर्ड तिच्याहून मोठा! तिच्या वजनाला १४० च्या आसपासचा, मऊ लवणारा बोर्ड पुरे. लांब आणि कडक बोर्ड ५० किलोच्या माणसाला वळत नाही, मग पोरगी स्वतःलाच दोष देत बसते.

शिवाय जुनं सामान फोटोवर घेऊ नये. बोर्ड हातात घेऊन पोलादी कडेवरून बोट फिरवावं लागतं: कुठे तडा आहे का, कड उचकटली आहे का. तळाला इतकी खोल चीर नको की आतलं लाकूड दिसेल. बाइंडिंगचे स्क्रू बसतात ती भोकं झिजलेली नकोत. पट्ट्यांचं प्लास्टिक वर्षानुवर्षं पडून ठिसूळ होतं आणि नेमकं थंडीत तुटतं.

पैसे घालायचेच असतील तर बुटांत घाला. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात. दुकानात तिने एकच लोकरी मोजा घालावा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी आणि मग बंद आवळावेत. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे आली पाहिजेत. आता टाचा उचलायला सांगा. बुटाच्या आत टाच वर सरकली, तर तो जोड तिचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. 'जाड मोजे घाला, बसेल' हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. दोन मोज्यांत घडी पडते, घाम साचतो आणि पाय गारठतो. बूट घेतलेत की अर्धा-पाऊण तास घालून घरात फिरू दे. शेजारचे हसले तर हसू देत.

दुसरा खर्च मनगटाच्या गार्डचा. नवशिके पडताना हात टेकवतात, म्हणून स्नोबोर्डिंगमध्ये मनगटं फार मोडतात. गार्ड असला तरी मुठी मिटून, कोपरापासूनच्या हातावर भार घेत पडायची सवय तिने घरी गादीवर करावी. हेल्मेट बर्फाचंच हवं, आत ईएन १०७७ (बर्फावरच्या हेल्मेटचं युरोपीय मानक) असा शिक्का बघा. स्कूटरचं हेल्मेट देऊन पाठवू नका. अशी मुलं येतात, म्हणून सांगते.

बोर्ड भाड्याचाच राहू दे. दुसऱ्या हिवाळ्यातही जायचा हट्ट धरला, तर तेव्हा घ्या.

प्रश्न : महाबळेश्वरच्या पावसात वापरतो तो रेनकोट बर्फात चालेल का? – एक वाचक, मेढा

नाही चालणार, दादा. तो बाहेरचं पाणी अडवतो, तसा आतला घामही अडवतो. थांबलात की तोच घाम गार पडतो. वाफ बाहेर सोडणारं, १०,००० मिलिमीटरच्या आसपास (कापड पाण्याचा किती दाब अडवतं, त्याचं हे माप) जलरोधक कापड बघा. जॅकेटपेक्षा पँटकडे जास्त लक्ष द्या, कारण स्नोबोर्ड शिकणारा निम्मा वेळ बर्फात बसलेलाच असतो. बैठकीची शिवण आतून टेप लावलेली हवी. जीन्स घालून उतारावर जाऊ नका. आणि हातमोजे दोन जोड न्या. ओला जोड रात्रीत वाळत नाही, बुखारीजवळ (खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ) टांगला तर करपतो.