बॅरिटोनचा टेनर झालेला सोकजोंग बेक

तुम्ही विचारलंय की कोरियन टेनर (पुरुषाचा उंच आवाज) सोकजोंग बेक आधी बॅरिटोन (त्याहून खालचा, भरीव आवाज) होता हे खरं का, आणि इतकी वर्षं एका आवाजात शिकल्यावर तो बदलता कसा येतो.

खरं आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकून तो सॅन फ्रान्सिस्को ऑपेराच्या अ‍ॅडलर फेलोशिपमध्ये पोचला तो बॅरिटोन म्हणूनच. तिथे होतकरू गायक निवडून घेतात, म्हणजे बॅरिटोन म्हणूनही त्याचं बरं चाललं होतं.

हा बदल केवढा मोठा, हे आपल्याला पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे गाणारा आपली पट्टी आपण ठरवतो. काळी एक झेपत नसेल तर तंबोरा पांढरी एकला लावला, झालं. ऑपेरात सूर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो. क्वचित एखादी एरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, अर्धा सूर उतरवतात, पण अख्खी भूमिका नाही. त्यातून माइक नाही, आणि समोर भरगच्च ऑर्केस्ट्रा. त्यामुळे आवाजाच्या जातीवरच भूमिका ठरतात. साधारणपणे नायक, प्रियकर टेनरकडे. बाप, प्रतिस्पर्धी, खलनायक बॅरिटोनकडे. जात बदलली की पाठ केलेल्या सगळ्या भूमिका बाजूला ठेवायच्या आणि कामं देणाऱ्यांपुढे नवखा म्हणून उभं राहायचं.

आणि नुसता वरचा सूर लागला म्हणून कोणी टेनर होत नाही. खालच्या भरीव आवाजातून वरच्या आवाजात जाताना एक सांधा असतो, पासाज्जो म्हणतात त्याला. टेनरमध्ये तो बॅरिटोनपेक्षा वर असतो. तो ऐकणाऱ्याला जाणवू न देता ओलांडायचा, आणि एकदा नव्हे, तीन-तीन तास त्याच्या आसपास गात राहायचं. बेकने ही मेहनत कोविडच्या काळात केली, थिएटरं बंद असताना. याआधीही असे गायक झालेत: लॉरित्झ मेल्किओर आणि कार्लो बेर्गोन्झी दोघेही सुरुवातीला बॅरिटोन होते.

मग आलं २०२२. लंडनच्या रॉयल ऑपेरात सॅं-सान्सचा ‘सॅमसन आणि डलायला’ हा ऑपेरा ठरला होता. सॅमसन गाणारा निकी स्पेन्स पाय मोडल्यामुळे बाहेर पडला आणि बेकला ती भूमिका मिळाली. समोर डलायला म्हणून एलिना गारांचा, ऑर्केस्ट्राच्या संचालनाला अंतोनियो पापानो! मला विचाराल तर याहून योग्य भूमिका त्याला मिळाली नसती. सॅमसनला भेदक, उंच सुरांची आतषबाजी फारशी नाही. मधल्या पट्टीत वजन लागतं, आणि पूर्वीच्या बॅरिटोनकडे ते असतंच. तिसऱ्या अंकात आंधळा केलेला सॅमसन कैदेत जातं ओढताना देवाची करुणा भाकतो, तो प्रवेश मुद्दाम ऐका. तिथे आवाज पातळ असेल तर सगळा प्रवेश फसतो. त्याच उन्हाळ्यात प्रसिद्ध टेनर योनास काउफमान गाणार नसल्याने ‘कावालेरिया रुस्तिकाना’ या ऑपेरातला नायक तुरिद्दूही त्याच्याकडे आला.

बदली गायक म्हणून संधी मिळाली याला लोक नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. अशी संधी येते तेव्हा भूमिका गळ्यात बसलेली असावी लागते, आणि ती बसवण्याचं काम त्याने कोणी विचारत नसताना केलं होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे ‘मेट’मध्ये, तो ‘नबुक्को’मधला इस्माएले झाला. त्यात त्याला स्वतंत्र एरिया नाही, त्यावरून त्याची पारख करू नका. २०२४ मध्ये तिथेच ‘तुरांदोत’चा नायक कालाफ मिळाला, ‘नेसुन दोर्मा’ ही प्रसिद्ध एरिया गाणारा. मेटला कोरियन टेनर नवा नव्हता. योंगहून ली २०१० मध्येच तिथे ‘दॉन कार्लो’ गायला होता. दोघांचा कालाफ पाठोपाठ ऐका. लीचा आवाज पोलादी, सरळ वर घुसणारा. बेकचा खालून भरत जाणारा. त्या एरियाच्या शेवटच्या ‘विन्चेरो’ या शब्दातला वरचा ‘बी’ सूर दोघेही लावतात, पण बेकच्या त्या सुराखालीही मला त्याचा जुना बॅरिटोन ऐकू येतो, आणि मला तोच जास्त आवडतो.