मागे पडतेस म्हणून बॅच सोडू नकोस

प्रिय,

अगं, तुझा रडका मेसेज वाचला. व्यायामाच्या बॅचमधल्या सगळ्या तुझ्यापुढे, बर्पीच्या (खाली आडवं होऊन उडी मारत उठायच्या व्यायामाच्या) दुसऱ्याच सेटला तुला धाप लागते, म्हणून आता घरी एकटीनेच व्हिडिओ लावून व्यायाम करणार म्हणतेस. घरी करण्यात वाईट काहीच नाही. पण मागे पडतेस हे कारण असेल, तर मला ते पटत नाही. गटातल्या व्यायामाचा खरा फायदा मागे असणारीलाच जास्त होतो.

तुझी समजूत घालायला नाही म्हणत. १९२० च्या दशकात ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या खेळाडूंवर प्रयोग केले. आधी प्रत्येकाने एकट्याने, हात थकेपर्यंत वजन उचलायचं. मग दोघांनी मिळून एकच दांडा. एकाने हार मानली की दुसऱ्यालाही तो पेलवायचा नाही. अशा जोडीत कमी ताकदीचा गडी एकट्याने टिकला होता त्याहून जास्त वेळ टिकला. गंमत पुढेच आहे. दोघांच्या ताकदीत फार मोठा फरक असला, किंवा जवळजवळ नसलाच, तर ही जिद्द कमी पडायची. मध्यम फरक असला की ती सगळ्यात जास्त.

म्हणून बॅचमधल्या सगळ्यात दणकट मुलीकडे बघत बसू नकोस. तिला बघून हुरूप येत नाही, हातपाय गळतात. तुझे दहा स्क्वॉट होतात तेवढ्यात जिचे बारा-तेरा होतात, अशी एक हेर आणि तिच्या शेजारी मॅट टाक. ट्रेनरला जोडीचे सेट घ्यायला सांग. एकीने प्लँक धरायचा, म्हणजे पालथं होऊन हात नि पायांच्या बोटांवर अंग ताठ तोलायचं, दुसरीचे दहा स्क्वॉट होईपर्यंत. सहाव्याला तुझे दंड थरथरायला लागतील, नाकाच्या शेंड्यावरून घाम मॅटवर टपटपेल, आणि शेजारची धापा टाकत “आठ… नऊ…” मोजत असेल. तेव्हा गुडघे टेकवायची छाती होत नाही. (कंबर लोंबायला लागली तर मात्र खुशाल टेकव. भिडेखातर पाठ दुखवून घेण्यात काही अर्थ नाही.)

नुसती गर्दी असून भागत नाही हेही खरं. रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापून आलं. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. मोठ्या बॅचमध्ये मागच्या कोपऱ्यात अंग चोरणं फार सोपं असतं, आणि तू नेमका तोच कोपरा धरलायस असं तुझ्या मेसेजवरून वाटतं. मागे राहा हवं तर, पण मधोमध. तुझी मोजणी कुणाच्या तरी कानावर पडली पाहिजे.

आता मजेचं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नौकानयनपटूंचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वल्हवण्याच्या यंत्रांवर एकत्र, एका लयीत सराव केल्यावर त्यांची वेदना सोसायची क्षमता एकट्याने केलेल्या सरावापेक्षा जास्त वाढलेली दिसली. कष्ट तेवढेच होते. तेव्हा घड्याळाकडे बघणं सोड, सगळ्यांबरोबर खाली जा, सगळ्यांबरोबर वर ये. एखादं आवर्तन कमी झालं तरी चालेल, लय चुकवू नकोस.

कुणी प्रोत्साहन देत नाही ही तुझी तक्रार रास्त आहे, पण तू किती जणींना देतेस? नुसतं “छान, छान” नको, ते कुणाला लागू पडत नाही. “आज स्क्वॉटला टाचा उचलल्या नाहीस हं, छान” असं नेमकं काहीतरी बोल. जिला म्हणशील तिचं पुढच्या वेळी तुझ्या टाचांकडे लक्ष जाईलच.

डंबेल मात्र शेजारणीच्या हातातलं बघून उचलू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरायचं कारण नाही. गुडघ्यात किंवा खांद्यात तीव्र कळ आली, तर तिथेच थांब आणि ट्रेनरला सांग, बाकीच्या चालू असल्या तरी.

आणि तो ट्रेनर मागे पडणारीला सगळ्यांसमोर हसण्यावारी नेत असेल, तर गोष्ट वेगळी. ती बॅच बिनदिक्कत सोड आणि दुसरी शोध, त्यासाठी मला विचारत बसू नकोस.

तुझी,
ताई