बास गिटारमुळे दुखणारा हात: आधी तारांची उंची तपासावी

गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी चिपळूणला रोज दोन तास सराव सुरू केल्यापासून डाव्या अंगठ्याचे मूळ आणि मनगट दुखते, तेव्हा बोटे बळकट करणारी स्प्रिंग घ्यावी का, असे आपण विचारले आहे. कृपया घेऊ नका. जो हात आधीच गरजेहून अधिक जोर लावतो आहे, त्याला आणखी थकवल्याने दुखणे वाढेल.

आपला सराव भर पावसाळ्यात सुरू झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड ओल धरते, नेकचा, म्हणजे वाद्याच्या लांब दांड्याचा, बाक बदलतो आणि पुष्कळदा तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे दांड्यावरच्या बोटे टेकवायच्या पट्टीपासून, वर उचलल्या जातात. हे इतके हळूहळू होते की वाजवणाऱ्याला ते जाणवत नाही, तो फक्त रोज थोडे अधिक दाबू लागतो. रत्नागिरीत माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी हेच केले आणि दोन महिने अंगठा शेकत बसलो. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कड्या) सर्वांत जाड तारेखालचे अंतर मोजा. ते अडीच मिलिमीटरहून बरेच जास्त असेल, तर जाणकाराकडून ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) जुळवून घ्या. खाऱ्या हवेने गंजलेल्या, खरखरीत तारांवरही बोट सरकवायला जोर लागतो, म्हणून वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

त्यानंतर हाताकडे वळावे. ३४ इंच लांबीच्या तारांच्या बासवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर जवळजवळ १३ सेंटीमीटर असते, साध्या गिटारवर ते दहाच्याही आत असते. त्यामुळे गिटारप्रमाणे चार फ्रेटांवर चार बोटे ताणून ठेवण्याचा हट्ट पहिल्या काही फ्रेटांवर सोडावा. डबल बास (उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांची जुनी रीत तीन फ्रेटांची आहे: तर्जनी, मधले बोट आणि करंगळी, व करंगळीला अनामिकेचा आधार. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवावे. किती कमी दाबावर स्वर स्वच्छ येतो हे पाहण्यासाठी अंगठा नेकवरून क्षणभर उचलून वाजवून पाहा. मला याच सवयीने सर्वाधिक आराम दिला. पट्टा इतका आखूड ठेवावा की उभे राहिल्यावरही बास बसल्याइतक्याच उंचीवर राहील आणि मनगट मुडपणार नाही. उजव्या हाताने तार हलकी छेडावी, आवाज अ‍ॅम्पवर वाढवावा.

बोटांची टोके हुळहुळणे काही आठवड्यांत थांबते. मात्र अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी गणपती तोंडावर आले असले तरी सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवावा.