तुमचे प्रश्न: राज्याच्या कर्जाला लिमिट आहे का?

प्रश्न: आमच्या ग्रुपवर सारखं फिरतंय की महाराष्ट्रावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज झालंय, प्रत्येकाच्या डोक्यावर सत्तर हजार. कर्ज काढायला सरकारला काही लिमिट आहे की नाही? राज्य दिवाळखोरीत निघणार का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: आकडा खोटा नाहीये. २०२५-२६ च्या बजेटमध्येच अंदाज दिलाय, मार्च २०२६ अखेर ९.३२ लाख कोटी. पण डोक्यावर सत्तर हजार वगैरे ऐकून झोप उडवून घेऊ नका, राज्य केवढं मोठं आहे ते पण बघायला लागतं ना, सगळ्या राज्याच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने (सरकारच्या तिजोरीतल्या जमेच्या नव्हे) हे कर्ज १९ टक्क्यांच्या आतबाहेर येतं आणि मर्यादा २५ टक्क्यांची सांगतात. वर्षाची वित्तीय तूट, म्हणजे वर्षभरात खर्च भागवायला उसना घ्यावा लागणारा पैसा, पण या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची असते, त्यासाठी २००५ पासून राज्याचा स्वतःचा कायदा आहे, आणि केंद्राचं जुनं कर्ज बाकी असलेल्या राज्याला घटनेच्या कलम २९३ प्रमाणे नवीन कर्ज काढताना केंद्राची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे उद्या दिवाळं निघेल असं काही नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच आकड्याची आणि त्यावर कोणी मेसेज फॉरवर्ड करत नाही. महसुली तूट, म्हणजे कर वगैरेंतून येणारी जमा रोजच्या चालू खर्चाला जेवढी कमी पडते ती. त्याच बजेटमध्ये महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरलीय आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटी कमी पडतात. वित्तीय तूट १,३६,२३५ कोटी. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, उसने घेतलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया धरण, रस्ता, हॉस्पिटल कशातच जात नाही, तो पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यातच संपतो. ऋण काढून सण म्हणतात ते हेच, आणि लिमिटच्या आत राहूनसुद्धा हे करता येतं, कारण लिमिट फक्त किती कर्ज काढलं ते मोजतं, कशासाठी काढलं ते विचारत नाही.

लगेच लाडक्या बहिणींना बोल लावू नका हं. त्या दीड हजारात कितीतरी घरांतली औषधं, मुलांच्या वह्या येतात, ते मला महत्त्वाचंच वाटतं. पण योजनेला वर्षाला ३६,००० कोटी ठेवले तर ते कुठल्या करातून येणार किंवा कुठला खर्च कापून येणार, हे योजना जाहीर करतानाच सांगायला हवं होतं, निवडणुकीच्या तोंडावर ते कुठल्याच पक्षाला सांगायचं नसतं आणि आपण पण विचारत नाही.

अजून एक, सगळं देणं त्या ९.३२ लाख कोटींत दिसत नाही. महामंडळं सरकारच्या हमीवर कर्ज काढतात, ते वेगळं. (राज्याच्या बजेटमधून फेडायची असली कर्जं केंद्र २०२२ पासून राज्याच्या लिमिटमध्ये धरायला लागलं, त्यावरून केरळ सुप्रीम कोर्टात गेलंय.) आणि कंत्राटदारांची थकलेली बिलं तर कर्ज म्हणून धरलीच जात नाहीत. तुमच्या भागात रस्त्याचं नाहीतर पाणी योजनेचं काम घेतलेला कोणी ओळखीचा असेल तर बिल कधी निघालं एवढंच विचारा. सरकारने पैसे अडकवले की तो खडीवाल्याचे अडकवतो, खडीवाला ट्रकवाल्याचे, शेवटी मजुराची हजेरी राहते. बिनव्याजी कर्जच झालं की हे, आणि ते देणारा सगळ्यात गरीब माणूस.

प्रश्न: मग सरकार नोटा छापून कर्ज का फेडत नाही?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: राज्याला तो अधिकारच नाही. केंद्र पूर्वी हवं तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलायचं, ते १९९७ मध्ये बंद केलं, आणि २००६ पासून कायद्यानेच रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घेता येत नाहीत, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून. बाजारात माल तेवढाच आणि पैसा जास्त झाला की भाव चढतात, आणि तेलाचा डबा महागला की पहिला फटका हातावर पोट असलेल्यालाच बसतो.