पुन्हा तडकलेली पुढची काच

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी आजही जपून वापरतो. तिची पुढची काच दीड वर्षापूर्वी बदलली होती. कुठेही दगड लागलेला नसताना गेल्या महिन्यात ती खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडकली. मिस्त्री म्हणतात, लॅमिनेटेड काच नाजूक असते. या वेळी टफन्ड बसवू आणि पाणी गळू नये म्हणून भोवती सिलिकॉन भरू. तसे करावे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : यांतले काहीही करू नये, कारण आपल्या पत्रावरून दोष काचेचा वाटत नाही, चौकटीचा वाटतो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीची काच आजच्या गाड्यांप्रमाणे पत्र्याला चिकटवलेली नसते. ती रबरी बीडिंगच्या एका खाचेत बसते आणि त्याच बीडिंगची दुसरी खाच चौकटीच्या पत्र्याची कड पकडून ठेवते. पावसाचे पाणी या रबराखाली उतरते, खालच्या कोपऱ्यांत साचते आणि तिथला पत्रा गंजू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने पत्र्याची कड फुगते आणि काचेच्या कडेवर एकाच ठिकाणी सतत दाब येत राहतो. कोपऱ्यात, आघाताविना आणि बसवल्यानंतर काही काळाने गेलेला तडा बहुधा असाच असतो.

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच हा दाब काही दिवस अधिक सोसेल हे खरे. पण ती फुटते तेव्हा क्षणात सगळीच्या सगळी बारीक दाण्यांची होते आणि धावत्या गाडीत चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. लॅमिनेटेड काचेच्या दोन तावांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. कुटुंबाला घेऊन घाट चढणाऱ्या माणसाने यात तडजोड करू नये, असे मला मनापासून वाटते. काच घेताना तिच्या कोपऱ्यावरचा आयएसआय शिक्का पाहावा. रंगीत काचेचा आग्रह असेल तर पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हा केंद्रीय मोटार वाहन नियम ध्यानात ठेवावा.

जुनी काच अजून टाकली नसेल तर टाकू नका. नवी काच तिच्यावर अलगद ठेवून दोन्हींचा बाक जुळतो का ते पाहता येते. बाकात फरक असेल तर चौकट कितीही निर्दोष असली तरी नवी काच ताणाखालीच राहील. जाडीही मोजून घ्यावी, कारण बीडिंगची खाच ठरावीक जाडीसाठीच असते.

खरे काम काच काढल्यावर सुरू होते. चौकटीवरचा गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून काढावा, सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा जोडून घ्यावा, मग प्रायमर आणि रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. भोके पुटीने बुजवून वर रंग फासणाऱ्याला हे काम देऊ नये. बीडिंग नवीच घ्यावी. कडक झालेले रबर पाणीही अडवत नाही आणि धक्केही सोसत नाही. बीडिंग आधी काचेवर चढवून तिच्या बाहेरच्या खाचेत सुतळी फिरवतात आणि रबराला साबणाचे पाणी लावतात. मग एकाने बाहेरून तळहाताने काच दाबत राहायचे आणि दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर आपोआप चढत जाते. यात हातोडीला किंवा स्क्रू-ड्रायव्हरने रेटण्याला जागाच नाही.

सिलिकॉनविषयी सांगायचे तर ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते वाळताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज आणते. त्याऐवजी कायम मऊ राहणारे ब्यूटाइल रबराचे सीलंट (फट बुजवण्याचा लगदा) रबर आणि पत्रा यांच्यामध्ये भरून घ्यावे. आतले अस्तर परत लावण्याआधी काचेवर नळीने दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि आतून खालचे दोन्ही कोपरे बोटाने चाचपून पाहावेत.