मोच्याने टॅन (फिकट तपकिरी) बुटांवर गडद पॉलिश थापलं, डाग पडले. बूट पूर्ववत होतील का?

बऱ्याच अंशी होतील. फक्त आता त्यावर आणखी पॉलिश चढवू नका.

आधी थर कशाचा आहे ते पाहा. नखाने हलकेच खरवडल्यावर मेणचट कण निघाले तर ते डबीतलं मेणाचं पॉलिश. ते टर्पेंटाइनमध्ये विरघळतं. खिडकी उघडी ठेवा, सुती फडक्यावर अगदी थोडं टर्पेंटाइन घ्या आणि आधी बुटाच्या जिभेवर, न दिसणाऱ्या जागी लावून मूळ रंग सुटतो का ते तपासा. मग डागांवर हलक्या हाताने फिरवा. फडकं मळलं की लगेच बाजू बदला, नाहीतर तोच रंग दुसरीकडे पसरतो. शिवणीतलं पॉलिश जुन्या टूथब्रशने निघतं.

प्लास्टिकसारखा चकचकीत पापुद्रा असेल तर ते बाटलीतलं द्रव पॉलिश. त्यावर टर्पेंटाइनची मात्रा फारशी चालत नाही आणि ॲसिटोन मूळ फिनिशच उडवू शकतं. महागाचे बूट असतील तर इथे मी स्वतः हात घालणार नाही, जाणकाराकडेच देईन.

साफ केल्यावर चामडं कोरडं पडतं, म्हणून चामड्याचं कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम) लावून रात्रभर ठेवा. उन्हात किंवा हीटरजवळ नको. दुसऱ्या दिवशी बुटाच्याच रंगाचं किंवा किंचित फिकं क्रीम पॉलिश लावून ब्रश मारा.

रंग चामड्यात मुरला असेल तर तो पूर्ण निघत नाही. मग दोन्ही बूट एकसारखे गडद करून घेणंच बरं. आणि हे सगळं गुळगुळीत चामड्यासाठी आहे, स्वेडवर, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्यावर, करू नका.