गाडीच्या वाटेसाठी मुरूम चालेल का?

प्रश्न : खारघर येथील आमच्या रो-हाऊसच्या फाटकापासून पोर्चपर्यंत १२ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी गाडी आत आणण्याची जागा आहे. इंग्लंडमध्ये मुलाच्या घरी ‘सेल्फ-बाइंडिंग ग्रॅव्हल’, म्हणजे दबाई केल्यावर आपोआप घट्ट बसणारी बारीक खडी अंथरलेली पाहिली आणि पेव्हर ब्लॉकपेक्षा ती फार आवडली. कंत्राटदार म्हणतो, ‘‘साहेब, हा आपला मुरूमच की!’’ हे खरे आहे का, आणि त्यातून पावसाचे पाणी जमिनीत जिरेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपल्या कंत्राटदाराचे म्हणणे बरेचसे खरे आहे. या खडीत दगडाचे लहानमोठे तुकडे, चुरी आणि थोडी चिकणमाती असे मिश्रण असते. ओलावा देऊन रोलर फिरवला की बारीक कण मोठ्या कणांमधील फटी भरून काढतात आणि सिमेंटशिवाय थर घट्ट होतो. आपल्याकडील चांगला मुरूमही असाच बसतो. मात्र ट्रकमधून येणारा प्रत्येक मुरूम चांगला असतोच असे नाही. माल उतरवण्यापूर्वी मूठभर ओलसर मुरूम घट्ट दाबून पाहावा. गोळा बनला, टिचकीने फुटला आणि तळहाताला चिखल चिकटला नाही, तर तो घ्यावा. गोळाच होत नसेल तर माती कमी आहे आणि बोटे लडबडली तर ती जास्त आहे.

पाणी जिरण्याची अपेक्षा मात्र सोडावी. फटी भरल्यामुळेच हा थर घट्ट होतो, त्यामुळे बहुतेक पाणी वरूनच वाहून जाते. लंडनला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आपल्याकडे चार महिन्यांतच २,००० मिलिमीटरहून अधिक कोसळतो. म्हणून येथे खरी कसोटी मुरमाची नसून ढाळाची आहे. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा ४ सेंटिमीटर उंच ठेवावा आणि कडेला जांभ्याची किंवा काँक्रीटची किनार बांधून तिच्याबाहेर गटार काढावे. छपराच्या पागोळ्या थेट मुरमावर पडत असतील, तर एकाच पावसाळ्यात तेथे चर पडतो. तेथे आधी पन्हळ बसवावी.

खालचा थर म्हणून जिओटेक्स्टाइल कापडावर (खालची माती खडीत मिसळू न देणारे कृत्रिम धाग्यांचे कापड) १५ सेंटिमीटर जीएसबी (रस्त्याच्या पायात घालतात ती लहानमोठी मिश्र खडी) दाबून घ्यावी आणि त्यावर मुरमाचा दबाईनंतर ५ सेंटिमीटर उरेल असा थर द्यावा. आपल्या ३६ चौरस मीटरसाठी मुरूम एक ब्रासच्या (१०० घनफूट) आतच लागेल. टिकाऊपणासाठी वर सिमेंट शिंपडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. पातळ कडक पापुद्रा तयार होतो, तो तडकतो आणि नंतर नुसती भर घालून दुरुस्तीही होत नाही.

फाटकाजवळ रस्त्याकडे तीव्र उतार असल्यास तेवढ्या पट्ट्यात निःसंकोच पेव्हर घालावेत. गाडी उभी असताना जागेवर स्टिअरिंग फिरवले की थर उखडतो, ही सवय घरातील सर्वांनाच मोडावी लागेल. पावसात चपलांना माती चिकटतेच, त्यामुळे दारापुढचे शेवटचे एक-दोन मीटर फरशीचे असलेले बरे.

काम दिवाळीनंतर काढावे, म्हणजे पावसापूर्वी थर चाकांखाली नीट बसेल. त्याच खेपेतला थोडा मुरूम ताडपत्रीखाली राखून ठेवावा, कारण पावसाळ्यानंतर भर घालावीच लागते आणि दुसऱ्या खेपेतल्या मुरमाचा रंग सहसा जुळत नाही.